प्रशीलचं थांबणं

साउंडचा धंदा सतरा वर्षं केला, म्हणून एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. माझ्या टेबलाजवळ माणूस येतो तो तक्रार घेऊनच. साहेबांचा माइक वाढव, पोरं नाचत नाहीत, जरा दणका दे. गाणाऱ्याची आई येऊन सांगते, माझ्या मुलाचा आवाज मागे ऐकू येत नाही. नवरदेवाचा मामा तर सांगतबिंगत नाही, सरळ बटणांनाच हात घालतो. पण या सतरा वर्षांत एकही माणूस येऊन म्हणाला नाही, की भाऊ, बेस गिटार जरा वाढव. बेस गिटार काय असते हेच लोकांना ठाऊक नाही. ती लांब दांड्याची, चार तारांची गिटार बघून त्यांना वाटतं, बिचाऱ्याच्या दोन तारा तुटल्यात.

ती चार तारांची गिटार अकरा वर्षं वाजवणारा प्रशील बैसाणे माझा मित्र. मित्र म्हणायची मला लाज वाटते, कारण ज्या एका दिवशी मित्रासारखं वागायचं होतं त्या दिवशी मी गप्प बसलो. तेच सांगायला बसलोय.

धुळ्यात 'वखर' नावाचा एक रॉक बँड आहे. अहिराणीतून गातो. गाणारा प्रेमराज, मूळचा धरणगावकडचा, कापूसवाल्या घरातला. उंच, देखणा, केस मानेपर्यंत, आणि स्टेजवर पाय ठेवला की आपलंच गाव असल्यासारखा वागणारा. ड्रमवर राजदीप. सुरुवातीची तीनचार वर्षं लोक म्हणायचे, हे काय बोंबलतात. मग त्यांचं 'केळीना ट्रक' हे गाणं आलं आणि धुळ्या-जळगावातल्या प्रत्येक मोबाइलमधे जाऊन बसलं. गाण्यात फार काही नाही. केळीचा ट्रक दिल्लीला निघतो, त्यात माल भरणारा हमाल रस्त्याकडे बघत उभा राहतो.


केळीना ट्रक चालना,

मन्हं मन मांगे ऱ्हायनं.

एवढंच. पण प्रेमराज ते असं म्हणायचा की मोठमोठे गडी डोळे पुसायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

प्रशील या बँडमधे आला तो मुळात वाजवायला आलाच नव्हता. तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. जळालेली पाण्याची मोटर खोलायची, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची, असं ते काम. बँडच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तो प्रेमराजनं त्याच्याकडे टाकला. प्रशीलनं तो भरला आणि स्वतःच सरावाच्या खोलीवर द्यायला गेला. तिथे भिंतीला एक बेस गिटार टेकवून ठेवलेली होती. तिचा धनी नोकरीला पुण्याला निघून गेला होता. प्रेमराज म्हणाला, अँप चालतो का ते बघायला वाजवून दाखव. प्रशीलनं एक तार छेडली. त्या दिवसानंतर त्याला कुणी जा म्हटलं नाही. ये असंही कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

घरात गाणं होतंच म्हणा. त्याचे वडील, यादव बैसाणे, पिंपळनेरकडच्या एका गायन पार्टीत कोरसमधे होते. जयंतीला गावोगाव जायचे. मुख्य गायकाला पुढे माइक, कोरसला मागे एकही नाही. वडील वीस वर्षं माइकशिवाय गायले आणि आपल्यावर कुणी अन्याय करतंय असं त्यांना एकदाही वाटलं नाही, असं प्रशील मला मोठ्या कौतुकानं सांगायचा. मला तेव्हाच त्याचा राग यायचा. यात कौतुक कसलं?

एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याची आई, द्रौपदाबाई, मोबाइल हातात घेऊन ट्रकचं गाणं लावून बसल्या होत्या. तीन वेळा ऐकलं. मग म्हणाल्या, "हाऊ आवाज तं प्रेमराजना शे. तुन्हा कोनता शे रे?"

"माय, मन्हा आवाज मोबाइलमा येत नही."

"मंग कसामा येस?"

"मोठा डब्बा लागस."

द्रौपदाबाईंनी फोन कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला, मग पदरानं पुसून ठेवून दिला. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्या कार्यक्रमाला कधी येत नसत. लेक अकरा वर्षं काय वाजवतो ते त्या माउलीला माहीत नव्हतं, आणि मोबाइलच्या त्या बोटभर स्पीकरातून ते कळणारही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. प्रशील वाजवायचा म्हणजे काय करायचा, ते साउंडवाला सोडून कुणालाच दिसत नाही. प्रेमराजला ताल सांभाळता येत नाही. हे मी लिहून देतो. देवानं गळा दिला, पण घड्याळ द्यायचं राहिलं. 'मन्हं मन' म्हणून झालं की तो थांबायचा. गिटार बंद, ड्रम बंद, सगळं बंद. समोरचे लोक श्वास धरून बसायचे. कधी तो चार मात्रा थांबायचा, कधी चौदा. समोर बायका रडताना दिसल्या तर आणखी थांबायचा. त्या सगळ्या वेळात खाली फक्त बेसचा एक सूर चालू असायचा. सूर विझायला आला की प्रशील हळूच पुन्हा छेडायचा. त्याची नजर प्रेमराजच्या उजव्या खांद्यावर असायची. प्रेमराज 'मांगे' म्हणायला श्वास घेतो तेव्हा तो खांदा किंचित वर जातो. खांदा उचलला की प्रशील पुढचा सूर धरायचा, राजदीप त्याच्या बोटांकडे बघून काठी टाकायचा आणि सगळं एकदम धाडकन कोसळायचं. लोक वेडे व्हायचे. वर्तमानपत्रवाले लिहायचे, प्रेमराजच्या त्या विरामात जादू आहे. असेल बापडी.

मी एकदा त्याला म्हटलं, "तू असतोस म्हणून ते जमतं."

तो म्हणाला, "भूषणभाऊ, त्यात वाजवायचं काय आहे? नुसतं थांबायचं तर असतं."

हे त्याचं खरं मत होतं. थांबणं हे वाजवण्यात येतं असं त्याला कधी वाटलंच नाही. दाराशी आलेल्या म्हाताऱ्याला आपण आधी जाऊ देतो ना, तसं ते त्याच्या हिशोबी होतं. पुढचं सगळं रामायण त्याच्या या मतामुळे घडलं.

गेल्या दिवाळीनंतर प्रेमराजनं त्याला सांगितलं, "प्रशील्या, तुझं सगळं वाजवणं भूषणभाऊकडे रेकॉर्ड करून ठेव. कधी दुकानातून सुट्टी मिळाली नाही तर अडायला नको." प्रशीलला इतका आनंद झाला की विचारू नका. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी फक्त त्याचं वाजवणं मागितलं होतं. आठ दिवस त्यानं सराव केला. दोन रविवार माझ्या गोडाऊनमधे बसून चौदा गाणी वाजवली. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कोण बघणार होतं त्याला? मी आणि रिकामी खोकी.

वाजवलं मात्र असं की मी थक्क झालो. इअरफोनमधून कानात तालाची टकटक लावून एकेक मात्रा मोजून, रिवाइंडिंगच्या वेढ्यासारखं तंतोतंत. ट्रकच्या गाण्यात त्या जागी तो चार मात्रा थांबला आणि पुढे गेला. मी म्हटलं, "इथे तू जास्त थांबतोस."

"ते प्रेमराजसाठी असतं. गाण्यात चारच आहेत."

मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं. कारण प्रेमराजनं मला आधीच खरं सांगून ठेवलं होतं. गाडीत सात माणसं बसतात. त्यांना आता कीबोर्डवाला हवा होता आणि मोबाइलवर रीळ काढणारा एक पोरगाही हवा होता. बेस लॅपटॉपवरून लावता येतो. रीळ लॅपटॉपवरून काढता येत नाही. "भूषणभाऊ, रावेरपासून ट्रॅक लावू. प्रशीलला तुम्ही सांगा. तुमचं तो ऐकतो," असं तो म्हणाला आणि मी हो म्हणून बसलो.

रावेरचा कार्यक्रम फेब्रुवारीत होता. सकाळी मी सामानाचा टेम्पो काढला, तर प्रशील बेस पाठीला लावून माझ्या दाराशी उभा. "गाडीत गर्दी होते म्हणतात, तुमच्यासंगे येतो," म्हणाला. चार-साडेचार तासांचा रस्ता. पारोळ्याला म्हटलं, एरंडोलला चहा घेताना सांगू. एरंडोलला चहावाला ओळखीचा निघाला, त्याच्यासमोर कसं सांगणार? मग जळगावला सांगू म्हटलं, पण तिथे गर्दी. भुसावळच्या पुढे प्रशीलला झोप लागली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सावद्याच्या पुढे दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या, घड भरलेले ट्रॅक्टर आडवे येऊ लागले. तो जागा झाला आणि म्हणाला, "या गाण्याला इथलीच माणसं खरी. आज प्रेमराज लई थांबवणार बघा." मी हॉर्न वाजवत बसलो.

मैदानात पोचल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे स्टेजमागे लोखंडी सळई ठोकली, मिठाचं पाणी ओतून अर्थिंग केलं. पूर्वी एका गावी प्रेमराजच्या ओठाला माइकचा करंट बसला होता, तेव्हापासून हे काम त्यानं आपलं मानलं होतं. मग बेस काढून सूर लावायला बसला. पाचच्या सुमाराला गाडी आली. प्रेमराज उतरला, प्रशीलला बघून थबकला आणि माझ्याकडे वळला.

"भूषणभाऊ, तुम्ही सांगितलं नाही?"

मी वायरी गुंडाळायला लागलो. त्या वायरी मी आत्ताच पसरल्या होत्या.

प्रेमराजनं मग त्याच्या खांद्यावर हात टाकला. वाईट माणूस नाही तो. त्यालाही जड गेलं असेल. पण त्याला जड गेलेलं दोन मिनिटांत हलकं होतं. "आज जरा ट्रॅक लावून बघतोय रे. तुझंच आहे ना वाजवलेलं? तूच वाजवतोयस असं समज." प्रशील हसला. म्हणाला, "हो, चांगलं आहे की." बेस पिशवीत घातली, चेन लावली आणि पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली. मग शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं मला एक शब्दही विचारला नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सातला कार्यक्रम सुरू झाला. मैदान खचाखच भरलं होतं. लॅपटॉपमधून प्रशील वाजत होता आणि प्रशील माझ्या बाजूला उभा राहून ऐकत होता. पहिली तीनचार गाणी झकास झाली. त्याची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती. स्वतःला बाहेरून ऐकायची त्याची ती पहिलीच वेळ. एकदा म्हणालाही, "बरं वाजवलंय ना, भाऊ?" लहान मुलासारखं विचारलं. मी म्हटलं, एक नंबर.

मग ट्रकचं गाणं आलं. रावेरची माणसं, केळीचं गाणं. प्रेमराज 'मन्हं मन' म्हणून थांबला. गिटार थांबली. ड्रम थांबला. बेसचा सूर एकटा चालू राहिला. एक, दोन, तीन, चार, आणि बेस निघून गेला पुढे. प्रेमराज अजून लोकांकडे बघत हात पसरून उभा. प्रशीलनं माझा दंड घट्ट धरला आणि स्पीकरकडे बघून म्हणाला, "थांब ना रे. थांब."

तो स्वतःलाच सांगत होता.

राजदीपनं टकटक ऐकवणारा कानातला इअरफोन काढून फेकला. प्रेमराज भलत्याच जागी 'मांगे' म्हणाला. मी घाईनं बेसचं बटण खाली ओढलं, म्हणजे निदान दोन आवाज एकमेकांत अडकायला नकोत. मग ड्रमच्या आधारानं ते कसेबसे शेवटाला पोचले. लोकांनी शिट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

पुढचं गाणं सुरू झालं. बेस वर घ्यायला मी हात नेला, तर प्रशीलनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. देखूत कोन इचारस."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो स्टेजकडे बघत होता. मी हात मागे घेतला. एक गाणं बेसशिवाय गेलं. दुसरं गेलं. ड्रमच्या पायाचा ठोका होता, छाती हलत होती, पोरं नाचत होती. आयोजकांचा माणूस एकदा टेबलाकडे आला. प्रशील सरळ उभा राहिला. त्या माणसानं विचारलं, साहेबांच्या सत्काराला माइक तयार आहे ना? आहे म्हटल्यावर गेला. तिसरं गाणं गेलं. चौथं गेलं. स्टेजवरून प्रेमराजनं मला अंगठा दाखवला, सगळं मस्त म्हणून. पाचवं, शेवटचं गाणं संपलं आणि फटाके फुटले.

कुणीही विचारलं नाही. मला त्या हजारो माणसांचा राग आला, पण त्यांची चूक तरी काय होती? जे कधी ऐकलंच नाही ते गेलेलं कसं कळणार? प्रशीलनं माझं मनगट सोडलं. त्यानं ते तोवर धरूनच ठेवलं होतं.

सामान आवरताना प्रेमराज घामानं ओला होऊन आला. "बठ्ठं बरोबर शे, प्रशील्या. फक्त ट्रकमा तू त्या जागावर लवकर वाजाडेल शे. तेवढं नीट करी दे."

"कितला थांबू?"

"नेहमी थांबस तसा थांब ना रे," प्रेमराज म्हणाला आणि सेल्फी मागणाऱ्या पोरांकडे वळला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षं आपल्यासाठी कुणीतरी थांबतंय हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं! मला वाटत होतं प्रेमराज अडाणी आहे, त्याला कळत नाही. कळत नसतं तर बरं होतं. परतीच्या रस्त्यात मी प्रशीलची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही तरी कसं सांगणार, भाऊ?" आणि काच खाली करून बसला.

पुढच्या रविवारी तो गोडाऊनवर आला. मी त्याला म्हटलं, वाजवायची गरज नाही. कॉम्प्युटरवर तो सूर मी ओढून लांब करतो, दहा मात्रांचा करतो, बारा करतो, पाहिजे तेवढा. चार मिनिटांचं काम.

"नको," तो म्हणाला. "त्यानं नेहमीसारखं मागितलंय. वाजवूनच देतो."

त्यानं टकटक नको म्हणून सांगितलं. स्टूल ओढून बसला. मी रेकॉर्डिंग चालू केलं. पहिलं कडवं छान गेलं. मग ती जागा आली. त्यानं सूर छेडला आणि मान वर करून समोर बघितलं. समोर माझ्या स्पीकरांची रिकामी खोकी रचलेली होती. सूर विझत आला, त्यानं हळूच पुन्हा छेडला. बघत राहिला. पुन्हा विझत आला, पुन्हा छेडला. आता पुढे जाईल, आता जाईल, असं म्हणत मी बसलो होतो. तो जाईना. एक मिनिट झालं असेल. दीड झालं. तो खोक्यांकडे बघत होता, त्या उंचीवर, जिथे प्रेमराजचा खांदा यायला हवा.

शेवटी त्यानं तारांवर तळहात ठेवला. आवाज बंद झाला.

"भाऊ," तो म्हणाला, "तो येतच नही."